मूड बिघडला की आधी घड्याळ बघा

मन बिघडलं की आपण लगेच 'का' शोधायला लागतो. मग साहेब, सासू, उसाचं अडकलेलं बिल, असं काहीतरी सापडतंच. त्याआधी 'कधीपासून?' हा प्रश्न विचारावा. मेंदूवर काम करणारं प्रत्येक रसायन आपापल्या वेगानं चढतं आणि उतरतं. अ‍ॅड्रिनलिन हे भीती-रागात सुटणारं हार्मोन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. ताणाचं दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, तासभर तरी रेंगाळतं. निकोटिन सुमारे दोन तासांत आणि कॅफिन सुमारे पाच तासांत निम्म्यावर येतं. थायरॉइड, बी-१२ आणि नैराश्यावरच्या गोळ्या यांचा हिशेब आठवड्यांत चालतो. चुका होतात त्या इथेच: मिनिटांच्या त्रासाला लोक आठवड्यांचं औषध मागतात आणि आठवड्यांच्या त्रासावर चहा मारून बघतात.

चौदा दिवसांची वही

साधी वही घ्या आणि रोज चार वेळा लिहा: उठल्यावर अर्ध्या तासानं, दुपारच्या जेवणाआधी, दिवेलागणीला आणि झोपताना. प्रत्येक वेळी मनाला ० ते १० मधला एक आकडा द्या. शेजारी शेवटचा चहा, तंबाखू किंवा दारू किती वाजता घेतली ते लिहा. सकाळच्या नोंदीत झोप कधी लागली, कधी मोडली तेही टाका. बायकांनी पाळीचा दिवस लिहावा. एवढं पुरे. रात्री एकदम बसून चारही रकाने भरू नका, कारण रात्रीचं मन सकाळचेही आकडे बदलतं.

आकड्यासोबत एखादा शब्द लिहायचा तर नेमका लिहा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात एक गंमत नेहमी होते. मराठीत 'बेजार' म्हणजे त्रासून गेलेला. कन्नडमध्ये 'बेजार' म्हणजे कंटाळा, नाहीतर वाईट वाटणं. बेळगावात दोन्ही अर्थ एकाच गल्लीत नांदतात आणि डॉक्टर कन्नड असले तर ते त्यांचा अर्थ धरतात. त्यापेक्षा 'रडू येतं', 'छातीत धडधडतं', 'कशातच मन लागत नाही', 'चिडचिड होते' असं सुटं सुटं लिहावं.

दोन आठवड्यांनी वही उलगडा. आकडा दर दोन-तीन तासांनी पडून परत चढत असेल तर संशय तंबाखूवर घ्या. पिण्याच्या दुसऱ्या दिवशी पडत असेल तर उत्तर समोरच आहे. पाळीआधी आठ-दहा दिवस पडून पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत सावरत असेल तर आणखी एक महिना नोंद ठेवा, कारण पाळीआधीच्या तीव्र त्रासाचं निदान करताना डॉक्टर दोन पाळ्यांची रोजची नोंद बघतात. तिथं हार्मोनची पातळी बहुधा सर्वांसारखीच असते. तिच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो. रोज पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येत असेल, सकाळ सगळ्यात वाईट आणि संध्याकाळ जरा बरी जात असेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर घरगुती उपायांत आणखी दिवस घालवू नका. सरळ डॉक्टर गाठा.

मिनिटांचा त्रास

भांडण, अपघात टळणं, बँकेतून आलेला फोन. हृदय धडधडतं, हात थरथरतात. अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा हा जोर लवकर ओसरतो. मागून येणारं कॉर्टिसॉल मात्र प्रसंगानंतर २० ते ३० मिनिटांनी शिखरावर असतं आणि खाली यायला तास-दीड तास घेतं. धडधड थांबली म्हणजे राग संपला असं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस व्हॉट्सॲपच्या भावकीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकतो. तासभर काही लिहू नका, सही करू नका.

श्वासाचा उपाय खरा आहे, पण लोक तो उलटा करतात. 'मोठा श्वास घे' म्हटलं की भराभर खोल श्वास ओढतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरणं वाढतं. योग्य रीत अशी: नाकानं चार अंक मोजत साधा श्वास घ्या, सहा अंक मोजत हळू सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. असं पाच मिनिटं करा. फायदा लांबवलेल्या उच्छ्वासात आहे. तेव्हा मेंदूकडून हृदयाकडं जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो आणि नाडी मंदावते. भीती नसताना रोज एकदा सराव करा, नाहीतर ऐन वेळी जमत नाही.

तासांचा त्रास: चहा, तंबाखू, दारू

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि झोप आणतं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, पण साचलेलं अ‍ॅडेनोसिन हटत नाही. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, फिल्टर कॉफीत त्याच्या दुपटीपर्यंत. संध्याकाळी सात वाजता कॉफी घेतली तर मध्यरात्री निम्मं कॅफिन अंगात असतं. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करून दहा दिवस बघा. एकदम सगळा चहा सोडलात तर डोकं दुखेल आणि दोन दिवस चिडचिड होईल, म्हणून रोज एक कप कमी करा. जेवणाला लागून चहा नको. त्यातलं टॅनिन भाजी-डाळीतलं लोह अडवतं आणि मेंदूला डोपामाइन हे हुरुपाशी जोडलेलं रसायन बनवायला लोह लागतं. तासाभराचं अंतर ठेवा.

निपाणी-चिकोडी पट्ट्याला तंबाखूचं काय सांगायचं! विडीचा धूर ओढला की निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. मळून गालात ठेवलेला तंबाखू आणि बायका दातांना लावतात ती मिश्री हळू चढतात, पण काम तेच करतात. मिश्रीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही, त्यामुळे 'आईला सकाळी मिश्री लावल्याशिवाय सुचत नाही' याचा अर्थ कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्रभर निकोटिन उतरलेलं असतं. सकाळची ती बेचैनी निकोटिन उतरल्याची असते. मिश्री ती शमवते आणि माणसाला वाटतं, मिश्रीनं डोकं शांत होतं.

सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड जातात. चिडचिड आणि उदासपणा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणून लग्नसराईत किंवा गळिताच्या ऐन धावपळीत सुरुवात करू नका. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा लागेल का ते डॉक्टरांना विचारा. तो साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नाही. झिणझिण लागेपर्यंत सावकाश चावा, मग गालात दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास चालतो. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, छातीत जळजळतं आणि 'हे काही मानवत नाही' म्हणून लोक सोडून देतात. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा, सरबत, ताक घेऊ नका. आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.

विडी-सिगारेटवाल्यांना आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. विडी सोडली की हा वेग उतरतो आणि तेवढाच चहा जवळजवळ दुप्पट चढतो. हातांची थरथर आणि झोपमोड तंबाखू सुटल्याची समजून माणूस परत विडीकडं वळतो. विडी सोडाल त्या आठवड्यात चहा निम्मा करा. तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, तिथं धूर नसतो.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं दाबते, म्हणून पहिल्या तासात मोकळं वाटतं. ती उतरते तसा मेंदू उलटा झोका घेतो. पहाटे तीनला घाम येऊन जाग येते, धडधड होते आणि दुसऱ्या दिवशी कारण नसताना भीती वाटते. टेन्शनवर घेतलेली दारू दुसऱ्या दिवशी टेन्शन परत आणते ती अशी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं देवाची शपथ घेऊन एका रात्रीत बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत आकडीचे झटके येऊ शकतात. दोन-चार दिवसांत भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप सुरू होऊ शकतो. सकाळी हात थरथरत असतील तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. घरच्यांनी कोंडून ठेवून नव्हे.

दिवसाचा त्रास: उजेड आणि झोप

जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल चढतं आणि दिवस सुरू करून देतं. रात्री नेहमीच्या झोपेआधी दोनेक तास मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन चढू लागतं. दोन्हीची किल्ली उजेडाकडं आहे. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली २००-३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. आभाळ भरून आलेलं असतानाही बाहेर हजारांत लक्स असतात. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत, त्यातही खानापूर-कणकुंबीच्या बाजूला, सूर्य दिसणंच कठीण. तरी उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं कट्ट्यावर किंवा पडवीच्या कडेला बसा. खिडकीआड बसून तेवढं मिळत नाही. पाऊस नसेल तर शहरातल्यांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहेच. उठायची वेळ पक्की ठेवा. रविवारी फार तर तासभर उशीर. झोपायची वेळ मग आपोआप जागेवर येते.

उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्यांना ही रीत जशीच्या तशी लागू नाही. त्यांनी घरी आल्यावर मोबाइल न बघता अंधाऱ्या खोलीत लगेच झोपावं, चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशीही झोपेचे निदान तीन-चार तास रोजच्या वेळेतच ठेवावेत. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर मूड ठीक राहणं खरंच अवघड आहे. तो स्वभावदोष समजू नये.

बाळंतिणीची अंधारी खोली हा असाच विषय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं सर्वसाधारण आहे. बाळंतपणानंतर हार्मोन झपाट्यानं उतरतात आणि दोन आठवड्यांत बहुतेकींचं मन सावरतं. शेक-शेगडी ठेवायची तर ठेवा, पण सकाळी तिला उजेडात बसवा आणि रात्री बाळ दुसऱ्यानं सांभाळून तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. दोन आठवड्यांनंतरही रडणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडं न्या. ती असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशीच झाली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली तर त्याच दिवशी न्या.

खाणं आणि फोन, थोडक्यात

मूडशी जोडलं जाणारं रसायन म्हणजे सेरोटोनिन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि ते मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. हे ट्रिप्टोफॅन दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, डाळी अशा सगळ्यांत असतं. पण मेंदूच्या दारात त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे एखादा पदार्थ खाऊन सेरोटोनिन वाढवण्याची गोष्ट फारशी टिकत नाही. बेळगावी कुंदा खाऊन बरं वाटतं ते साखर, दूध आणि आठवणींमुळे. तेवढं पुरेसं कारण आहे. भाकरी-उसळ-ताक वेळेवर पोटात गेलं तर मन जास्त स्थिर राहतं. उपवासाच्या दुपारी भडकणाऱ्यांना हे सांगायला नको.

फोनचं म्हणाल तर, काही दिवस फोनचा उपवास केला की डोपामाइन 'धुऊन' निघतं असं हल्ली सांगतात. तसं होत नाही. अपेक्षा आणि मिळकत यांतल्या फरकावर डोपामाइनच्या पेशी चालतात. पुढची रील कशी असेल हे ठाऊक नसतं, म्हणूनच अंगठा थांबत नाही. चार्जर सोप्यात ठेवा, नोटिफिकेशन बंद करा. निर्धारापेक्षा अंतर जास्त उपयोगी पडतं.

आठवड्यांचा त्रास: आधी रक्त तपासा

थकवा, उदासपणा, विसराळूपणा महिनाभर असेल तर मानसिक कारण ठरवण्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि शक्य तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. टीएसएच सर्वसाधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतं. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. शाकाहारी घरांत बी-१२ दूध-दह्यातूनच येतं, त्यामुळे नुसतं पातळ ताक पुरत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी बी-१२ उतरतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका. त्यानं रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालू राहतं. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं ही त्याची खूण.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. दहा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

गोळ्या

सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या सर्पगंधेपासून १९५२ मध्ये रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावर ते चाललं, पण ते मज्जापेशींतला सेरोटोनिन, डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिकामा करतं आणि काही रुग्णांत उदासी दिसली. त्याच दशकात क्षयावरच्या इप्रोनायझिडनं काही रुग्णांचं मन उभारी घेताना दिसलं. यांतून 'सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' ही समजूत वाढली. ती अपुरी आहे. फ्लुओक्झेटिन, एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गोळ्या मेंदूतल्या पेशींच्या जोडांवरचं सेरोटोनिन काही तासांतच वाढवतात, पण मन उभारी धरायला दोन ते सहा आठवडे जातात. मधल्या काळात मेंदू आपली जुळणी हळूहळू बदलत असतो. जाता जाता: पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर झोपेसाठी सर्पगंधेची पूड घेऊ नका.

पहिले दहा-बारा दिवस मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होते. गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते. अचानक बंद केली तर गरगरणं, डोक्यात झिणझिणीचे झटके, चिडचिड होते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त, फ्लुओक्झेटिनमध्ये कमी. अंगदुखीची ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध बरोबर घेऊ नका. थरथर, घाम, जुलाब, ताप, स्नायू उडणं असं दिसलं तर दवाखाना गाठा. सलग काही दिवस तीनच तास झोपून कुणी टवटवीत, बडबड्या, उधळ्या झाला असेल, आत्ता किंवा पूर्वी, तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी उलटी पडू शकते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घबराट आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या वेगळ्या गोळ्या. त्या लगेच काम करतात आणि काही आठवड्यांत सवय लावतात. शेजारणीच्या पाकिटातली घेऊ नका. रोजची असेल तर एकदम बंदही करू नका, आकडीचे झटके येऊ शकतात.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार सावरणारं औषध) घेणाऱ्यांनी पाण्याकडं आणि मिठाकडं लक्ष द्यावं. कडक उपवास, उन्हातली भांगलण, जुलाब, सौंदत्तीच्या यात्रेतली पायपीट यांत अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम चढतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही चढतं. हाताची थरथर वाढली, चाल अडखळली, जीभ जड झाली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पातळी तपासा. देवदेवस्की करणाऱ्यांशी वाद घालत बसू नये. देवाचं करा, गोळी चालू ठेवून करा.

कुठं जायचं, काय न्यायचं

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. निपाणी-चिकोडीकडचे बरेच जण मिरज-कोल्हापूर जवळ करतात. सीमेपलीकडं डॉक्टर बदलला की ब्रँड बदलतो आणि एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जातं. म्हणून गोळीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा, रिकामी पाकिटं पिशवीत घाला. सोबत नोंदींची वही न्या. 'कसंतरी होतंय' यापेक्षा चौदा दिवसांचे आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात.

जगणं नको वाटत असेल, किंवा घरात कुणी तसं बोललं, तर विषय टाळू नका, सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. घरातली कीटकनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडं द्या, जमलं तर दुसऱ्याच घरी ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट चालतो. सुरुवातीलाच भाषा निवडायला सांगतात. मराठीत बोलायचं असेल तर फोन उचलणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात सांगा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावा.